क्षारांशी पिकांची झुंज

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या काठची गेवराई व माजलगाव तालुक्यांतील जमीन खोल, काळी व कसदार आहे. या भागात पैठणच्या नाथसागराचे पाणी कालव्याने आले आणि जिरायत रानांत ऊस, गहू व बागाईत कपाशी दिसू लागली. परंतु जेथे पाणी पुष्कळ आणि निचरा थोडा, अशा सखल रानांत काही वर्षांनी एक वेगळेच दृश्य दिसू लागते. उन्हाळा लागताच ढेकळांवर पांढरी साय येते. उसाच्या फडात ठिगळे पडतात. उगवलेल्या रोपांची पाने कडेने करपतात, आणि पायाखालची जमीन ओली असूनही भर दुपारी पीक माना टाकते.

अशा वेळी शेतकरी पहिला दोष बियाण्याला देतो. पीक सुकते आहे असे पाहून तो पाण्याची आणखी एक पाळी देतो. पाने पिवळी पडली म्हणून युरियाची मात्रा वाढवितो. तीनही ठिकाणी त्याचा हेतू चांगला असतो, पण निदान चुकलेले असते. त्यामुळे पैसा जातो आणि रोग बळावतो. ओल्या जमिनीत पीक तहानलेले का राहते, हे एकदा नीट समजले म्हणजे उपाय कोणता व अपाय कोणता, हे आपोआप उमगते. त्यासाठी मुळाच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींमध्ये काय घडते तेथपर्यंत जावे लागते.

क्षार येतात कोठून?

आपली काळी जमीन काळ्या पाषाणाच्या झिजेतून बनली आहे. त्या झिजेबरोबर सोडियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार मोकळे होतात. पावसाच्या पाण्याने ते खाली जातात आणि निचरा चांगला असेल तर ओढ्या-नद्यांवाटे निघून जातात. बीड जिल्ह्याचा पाऊस बेताचा आणि काळ्या मातीतून पाणी झिरपण्याची गती मंद, म्हणून क्षारांचा काही भाग खालच्या थरातच राहतो. कालव्याचे पाणी वर्षानुवर्षे मुरले की भूजलाची पातळी वर येते. मग उन्हाने वरचे पाणी उडून जाते आणि दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे खालचे खारे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते. पाणी हवेत जाते, क्षार मागे राहतात.

पाण्याबरोबर बाहेरूनही क्षार येतात. समजा, एका लिटर पाण्यात फक्त ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत. असे पाणी पिण्यासही गोड लागते. परंतु उसाला वर्षाकाठी २०० सेंटिमीटर पाणी दिले, तर एका हेक्टरात २ कोटी लिटर पाणी जाते आणि त्याबरोबर ६,००० किलो क्षार शेतात येऊन पडतात. निचऱ्यावाटे ते बाहेर गेले नाहीत, तर पुढील वर्षी त्यांत तितकीच भर पडते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि पंचवीस वर्षांच्या आतच त्या खोऱ्यातील जमिनी खारावू लागल्या. डॉ. हॅरॉल्ड मान व तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींची पाहणी करून १९१० मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ मध्ये बसली व १९७६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. म्हणजे गोदेचे पाणी बीडच्या शिवारात येण्यापूर्वीच नीरेकाठी हा धडा मिळालेला होता.

पहिला आघात : तहान

काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. मीठ फोडीतील पाणी बाहेर ओढून घेते. खारवट जमिनीत मुळाच्या बाबतीत हेच घडते. एरवी मुळाच्या पेशीतील रस मातीतील पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी मातीतून मुळात जाते. मातीतील पाणी क्षारांनी दाट झाले की ही ओढ कमी पडते.

क्षारता मोजण्याचे परिमाण डेसीसायमन प्रति मीटर हे आहे. मुळांभोवतीच्या पाण्याची क्षारता १० असेल, तर त्याची ओढ सुमारे ३.६ वातावरणांच्या दाबाइतकी भरते. ३६ मीटर खोल विहिरीतून पाणी उपसण्यास जेवढा दाब लागेल, तेवढा जास्तीचा दाब रोपाला या पाण्यासाठी सोसावा लागतो. पाणी मुळाशेजारी असते, पण ते रोपाच्या आवाक्यात नसते.

ही अडचण जाणवताच मुळे अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचे संजीवक तयार करतात आणि पानांतही ते वाढते. त्याच्या इशाऱ्याने पानांवरील सूक्ष्म रंध्रे मिटतात व पाण्याची उधळपट्टी थांबते. परंतु याच रंध्रांतून हवेतील कर्बवायू आत येत असतो. रंध्रे मिटली की अन्न बनविण्याचे कामही मंदावते. पाने लहान राहतात, फुटवे कमी येतात, गहू व ज्वारी खुजी राहते. हा आघात क्षार पेशीत शिरण्यापूर्वीच होतो.

दुसरा आघात : विष

काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दुसरा आघात होतो. पाण्याबरोबर सोडियमचे कण मुळात शिरतात आणि जुन्या पानांत साठत जातात. पिकाला ज्या पालाशाची अत्यंत गरज असते, त्या पालाशाशी सोडियमचे बरेच साम्य आहे. पेशीतील पन्नासाहून अधिक विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, पालाशाच्या साहाय्याने चालतात. सोडियम पालाशाची जागा अडवितो, पण त्याचे काम करीत नाही. खोटी किल्ली कुलपात शिरावी, पण फिरू नये आणि खऱ्या किल्लीलाही वाट देऊ नये, तसा हा प्रकार होतो. प्रथिने तयार होण्याचे काम अडखळते व पानांच्या कडा करपतात. जुनी पाने गळण्याचा वेग नवी पाने येण्याच्या वेगाहून अधिक झाला की पीक हातचे गेले असे समजावे.

पेशीतील पहारेकरी

तथापि वनस्पती हा आघात मुकाट्याने सोसत नाही. मोहरीच्या कुळातील अ‍ॅराबिडॉप्सिस या लहानशा रोपावर प्रयोग करून शास्त्रज्ञांनी तिची संरक्षणव्यवस्था उलगडली आहे. त्यांतील तीन मुख्य जनुके १९९८ ते २००० या काळात ओळखली गेली. त्यांना ‘एसओएस’ असे नाव मिळाले. संकटातील जहाज मदतीसाठी हीच अक्षरे पाठवीत असे.

या व्यवस्थेचे काम असे चालते. पेशीच्या पातळ आवरणात काही स्निग्ध रेणू असतात. सोडियमचे कण त्यांना येऊन चिकटतात, ही गोष्ट २०१९ मध्ये सिद्ध झाली. त्यासरशी आवरणातील बारीक दारे उघडतात आणि कॅल्शियमचे कण आत येतात. अवघ्या काही सेकंदांत घडणारी ही घटना म्हणजे धोक्याची घंटा होय. एक प्रथिन कॅल्शियमला धरते व दुसऱ्यास जागे करते; दुसरे जाऊन तिसऱ्यास कामाला लावते. हे तिसरे प्रथिन पेशीच्या आवरणातच बसलेले असते. ते बाहेरचा हायड्रोजनचा एक कण आत घेते व त्याच्या बदल्यात सोडियमचा एक कण बाहेर ढकलते.

जो सोडियम तरीही आत राहतो, त्यासाठी आणखी दोन पहारे आहेत. मुळातून पानांकडे रस नेणाऱ्या नलिकांच्या कडेला काही प्रथिने बसलेली असतात. ती वर जाणारा सोडियम रसातून वेचून मुळातच अडवून ठेवतात. याउपर जो पानांत पोहोचतो, त्याला पेशीच्या मध्यभागी असलेल्या रिक्तिका नावाच्या कोठारात कोंडले जाते. घरात विषारी औषध असलेच तर ते स्वयंपाकघरात न ठेवता वेगळ्या खोलीत कुलूपबंद करावे, तशी ही योजना आहे. कोठार खारे झाले म्हणजे पेशीच्या उरलेल्या भागातील पाणी तिकडे ओढले जाऊ नये, म्हणून पेशी प्रोलीन व ग्लायसिन बिटेन यांसारखी निरुपद्रवी द्रव्ये तयार करून तोल सांभाळते.

शक्तीचा खर्च आणि हवेची गरज

ही सारी व्यवस्था फुकट चालत नाही. सोडियम बाहेर ढकलण्यासाठी हायड्रोजनचे कण पेशीबाहेर सतत साठवून ठेवावे लागतात आणि त्यासाठी लागणारा पंप पिकाने बनविलेली साखर जाळून चालतो. प्रोलीन तयार करण्यास नत्र खर्ची पडते. जी साखर उसाच्या कांड्यात किंवा कपाशीच्या बोंडात जावयाची, ती पहाऱ्यावर खर्च होते. खारवट जमिनीत पीक हिरवे दिसूनही उतारा कमी येतो, त्याचे एक कारण हे होय.

साखर जाळण्यास प्राणवायू लागतो आणि मुळांना तो मातीतील पोकळ्यांतून मिळतो. जमीन पाणथळ झाली की या पोकळ्या पाण्याने भरतात, प्राणवायू संपतो, पंप मंदावतात व पहारेकरी निकामी होतात. मग सोडियम भराभर वर चढतो. म्हणूनच खारेपणा व पाणथळपणा एकत्र आले की होणारे नुकसान एकेकट्याच्या नुकसानापेक्षा पुष्कळ मोठे असते. खारवट रानात माना टाकलेल्या पिकाला पाण्याची आणखी एक पाळी देऊन पाणी साचविणे म्हणजे लढणाऱ्याचा श्वास कोंडणे होय.

सर्व पिके सारखी नाहीत

वरील व्यवस्था बहुतेक पिकांत असते, पण तिचे बळ निरनिराळे असते. मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता ज्या मर्यादेपर्यंत उत्पन्नात घट येत नाही, ती मर्यादा कपाशीस सुमारे ७.७, ज्वारीस ६.८, गव्हास ६.०, सोयाबीनला ५.०, ऊस व मका यांना १.७, कांद्याला १.२ आणि घेवड्याला १.० अशी मानली जाते. या पुढे क्षारता एका अंकाने वाढली तर कपाशीचे उत्पन्न सुमारे ५ टक्के घटते. ज्वारी व कांद्याचे मात्र सुमारे १६ टक्के घटते. कालव्याखालच्या रानात सर्वांत आधी ऊस का हटतो व कपाशी का तगते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, माती तपासणी प्रयोगशाळा पुष्कळदा एक भाग माती व अडीच भाग पाणी यांच्या मिश्रणाची क्षारता मोजतात. पाणी जास्त असल्याने तो आकडा संपृक्त अर्काच्या आकड्यापेक्षा बराच लहान येतो. पत्रिकेवरील आकडा कोणत्या पद्धतीचा आहे हे विचारल्यावाचून वरील मर्यादांशी त्याची तुलना करू नये. दुसरी, कपाशीसारखे कणखर पीकही उगवणीच्या व रोपाच्या अवस्थेत नाजूक असते. बीटी कपाशीतील परके जनुक बोंडअळीसाठी घातलेले आहे. क्षारांपासून ते संरक्षण देत नाही.

खारवट की चोपण?

उपायापूर्वी जमिनीचा प्रकार ओळखला पाहिजे. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार पुष्कळ असतात, वर पांढरा थर येतो आणि सामू बहुधा ८.५ च्या आत असतो. चोपण जमिनीत सोडियम चिकणमातीच्या कणांनाच चिकटून बसलेला असतो. तिचा सामू ८.५ च्या वर जातो आणि विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक असते. आपल्या भारी काळ्या जमिनीत याहून कमी प्रमाणातही सोडियमचे दुष्परिणाम दिसतात. अशी जमीन ओली असता चिखलासारखी चिकट व वाळता दगडासारखी टणक होते. पाणी वर साचून राहते, आणि काही ठिकाणी ते काळपट व तेलकट दिसते.

घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. शेतातील वाळलेले लहान ढेकूळ काचेच्या पेल्यातील स्वच्छ पावसाच्या पाण्यात हलक्या हाताने सोडावे व न ढवळता काही तास तसेच ठेवावे. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा पसरला, तर चोपणपणाचा संशय धरावा. अंतिम निर्णय मात्र प्रयोगशाळेतील तपासणीनेच करावा. नमुना घेताना चांगल्या व खराब भागांची माती एकत्र करू नये.

शेतकऱ्याची साथ

पिकाची झुंज कशी चालते हे समजले म्हणजे शेतातील प्रत्येक उपायाचा अर्थ उलगडतो.

१. निचरा. हा पहिला उपाय होय. उघडे चर किंवा जमिनीखालील सच्छिद्र नळ्या यांनी भूजल खाली गेले की मुळांना हवा मिळते आणि पेशीतील पंप पुन्हा चालू होतात. शिवाय क्षारांना बाहेर जाण्याची वाट मिळते. एकाने आपल्या रानातील पाणी शेजाऱ्याच्या बांधाला सोडून हा प्रश्न सुटत नाही. ओढ्यापर्यंतचा मुख्य चर सर्वांनी मिळून काढला पाहिजे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने सर्वप्रथम या कामी शेतकऱ्यांना एकत्र आणावे.

२. क्षार धुणे. निचऱ्याची सोय झाल्यावर बांधबंदिस्ती करून शेतात गोडे पाणी अथवा पावसाचे पाणी मुरवावे. त्यामुळे पिकाची तहान भागते. निचरा नसता असे पाणी दिले तर भूजल वर येऊन क्षार वाढतात.

३. जिप्सम. चोपण जमिनीत जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमला हुसकावून लावते. माती मोकळी होते व पाणी मुरू लागते. शिवाय मुळाच्या पेशींचे आवरण बळकट राहण्यासही कॅल्शियम उपयोगी पडते. मात्रा माती तपासणीवरूनच ठरवावी, जिप्सम वरच्या थरात मिसळावे व नंतर सुटलेला सोडियम पाण्याने धुऊन काढावा. निव्वळ खारवट जमिनीत जिप्सम घालण्याचे प्रयोजन नाही. तेथे तो खर्च वाया जातो.

४. सेंद्रिय खते. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीच्या रूपाने कॅल्शियम पुष्कळ असते, पण ते सहजी विरघळत नाही. शेणखत किंवा धैंच्याचे हिरवळीचे खत कुजताना निघणारी आम्ले ते मोकळे करतात आणि मातीची घडणही सुधारतात.

५. पेरणीची रीत. पाणी उडून जाताना क्षार वरंब्याच्या माथ्यावर साठतात. म्हणून बी माथ्यावर न लावता बगलेत लावावे. खरीप कपाशीची पेरणी चांगला पाऊस होऊन वरच्या थरातील क्षार खाली गेल्यावर करावी. रोपाचे पहारेकरी सज्ज होईपर्यंत त्याला एवढी सवलत मिळाली पाहिजे.

६. खते व पाणी. पालाशाची उणीव राहू देऊ नये, कारण सोडियमशी स्पर्धा त्यालाच करावयाची असते. खारवट जमिनीत क्लोराइडपेक्षा सल्फेट रूपातील पालाश बरे. सामू जास्त असलेल्या जमिनीवर युरिया नुसता फेकल्यास त्यातील नत्र वायुरूपाने उडून जाते. म्हणून तो मातीत मिसळून व विभागून द्यावा. पाणी मोजके द्यावे. उसाला ठिबक पद्धत वापरल्यास भूजलात पडणारी भर कमी होते, पण साठलेले क्षार धुण्याची सोय मात्र ठेवावी.

नव्या वाणांची आशा व तिची मर्यादा

क्षार सोसणारे वाण तयार करण्याचे काम देशात दीर्घकाळ चालू आहे. त्यासाठी कर्नाल येथे १९६९ मध्ये मध्यवर्ती मृद-लवणता संशोधन संस्था स्थापन झाली. राजस्थानातील पाली भागाचा ‘खारचिया’ हा देशी गहू या गुणासाठी जगभर ओळखला जातो आणि कर्नालच्या ‘केआरएल’ मालिकेतील गव्हाच्या वाणांत त्याचा वारसा आला आहे. कोकणातील खाजण जमिनींसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने भाताचे वाण दिले आहेत. बंगालच्या ‘नोना बोकरा’ या भातातून रसातील सोडियम वेचणाऱ्या प्रथिनाचे जनुक २००५ मध्ये शोधले गेले. त्याच जातीचे जनुक ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी एका प्राचीन गव्हातून आपल्या बन्सीच्या जातकुळीतील गव्हात साध्या संकराने आणले. खाऱ्या शेतात त्याचे उत्पन्न २५ टक्क्यांपर्यंत वाढले, असे त्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले.

ही प्रगती मोलाची आहे. यांतील दोन पहारेकरी आपल्याच शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या राखलेल्या देशी वाणांतून मिळाले, हेही विसरता येत नाही. परंतु कोणतेही वाण क्षार नाहीसे करीत नाही. ते केवळ अधिक काळ तग धरते. निचऱ्यावाचून क्षार दरसाल वाढतच राहिले, तर आज तगणारे वाण काही वर्षांनी हरेल.

म्हणून ज्या शिवारात पांढरी साय दिसू लागली असेल, तेथील शेतकऱ्याने बियाणे बदलण्यापूर्वी उन्हाळ्यात मातीचा नमुना तपासून घ्यावा, विहिरीतील पाण्याची पातळी पाहावी आणि शेजाऱ्यांसह चराची आखणी करावी. ठिगळ चार गुंठ्यांचे आहे तोपर्यंत ते थोड्या खर्चात आवरते. चार एकरांचे झाल्यावर एकट्याच्या हाती काही राहत नाही. कपाशीचे मूळ आपल्यापुरती झुंज देतच असते. त्याच्याभोवतीचे खारे पाणी काढून त्याला हवा देणे एवढी साथ शेतकऱ्याने दिली, तर गोदाकाठची ही काळी जमीन पुढील पिढीच्या हाती कसदारच जाईल.